सगळी कावीळ सिकलसेलची नसते

चंद्रपूर जिल्ह्यातील एका अंगणवाडी सेविकेचे हे पत्र आहे. त्यांची 17 वर्षांची मुलगी बारावीत शिकते. ती दोन वर्षांची असताना तिचा एसएस पॅटर्न, म्हणजे सिकलसेलचा पूर्ण आजार, असल्याचे कळले. आई-वडील दोघेही वाहक आहेत. फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया नियमित सुरू आहे, वर्षाकाठी एक-दोनदा हातापायांचे दुखणे उठते, आतापर्यंत तीनदा रक्त चढवावे लागले. डोळे थोडे पिवळे असणे घरात कुणाला नवे नाही. पण या दिवाळीनंतर पिवळेपणा वाढत गेला, अंगाला खाज सुटली आणि तीन महिन्यांपासून पाळी आलेली नाही. गावात हाताला चुना लावून कावीळ उतरवून झाली. गुळवेलीचा काढा तर दिवाळीच्या आधीपासूनच अधूनमधून सुरू होता, मात्र डॉक्टर रागावतील म्हणून तो त्यांना सांगितलेला नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑटोइम्यून हिपॅटायटिसचा संशय सांगितला असून, यकृताचा तुकडा सुईने काढून तपासावा (बायोप्सी) आणि मग स्टेरॉइड व ॲझाथायोप्रिन सुरू करावे, असे सुचवले आहे. दुसऱ्या एका डॉक्टरांच्या मते पित्ताशयात खडे आहेत, ते काढले की भागेल. वडील म्हणतात, सिकलसेलमध्ये कावीळ असतेच, परीक्षा होईपर्यंत थांबू. मुलीने विचारले होते, "आई, या वेळची कावीळ वेगळी आहे ना?" आईने "नाही" म्हणून वेळ मारून नेली. सुई टोचू द्यावी का, स्टेरॉइडने सिकलसेल बिघडेल का, आणि मुलीला परीक्षेआधी सांगावे का, असे आईचे प्रश्न आहेत. शेवटी त्या लिहितात, "माझ्याच रक्तातून तिला एक दुखणे आले, आता हे दुसरेही माझ्यामुळेच का?"

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो मनात घोळत असताना पुढचे काहीही नीट वाचले जाणार नाही. सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या जनुकातल्या एकाच बदलामुळे होतो. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते, आणि हा बदल आई व वडील अशा दोघांकडून आला तरच मूल एसएस होते. म्हणजे पहिले दुखणेसुद्धा एकट्या तुमच्या रक्तातून आलेले नाही, आणि तुमच्यापैकी कुणी ते निवडलेलेही नाही. ऑटोइम्यून हिपॅटायटिसची गोष्ट आणखी वेगळी आहे. शरीराची जी प्रतिकारशक्ती जंतूंशी लढायची, तीच यकृताच्या पेशींना परके समजून त्यांच्यावर चालून जाते, असा हा आजार आहे. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि सिकलसेलसारखा ठरावीक हिशेबाने आई-वडिलांकडून मुलांत उतरत नाही. मुलींमध्ये तो मुलांपेक्षा जास्त आढळतो आणि वयात येण्याच्या सुमारास पुष्कळदा डोके वर काढतो. तुमच्या हातून काही राहून गेले म्हणून तो झालेला नाही.

आता मुलीच्या बाबांच्या वाक्याकडे वळू. सिकलसेलमध्ये कावीळ असतेच, हे ते चुकीचे बोलत नाहीत. पंधरा वर्षे मुलीचे पिवळे डोळे पाहिलेल्या माणसाला तसे वाटणे स्वाभाविकच आहे. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे 120 दिवस टिकते, एसएस मुलाची दहा ते वीस दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशीतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य निघते आणि डोळे पिवळसर दिसतात. पण बिलिरुबिन दोन प्रकारचे असते. पेशी फुटून आलेले, अजून यकृतातून न गेलेले ते इनडायरेक्ट. यकृताने प्रक्रिया करून पित्तात सोडायला तयार केलेले ते डायरेक्ट. पेशी फुटल्या की पहिले वाढते. यकृत आजारी पडले किंवा पित्ताची वाट अडली की दुसरे वाढते.

तुम्ही पाठवलेले दोन रिपोर्ट आज रात्री जेवणे झाल्यावर शेजारीशेजारी ठेवा आणि बाबांना बोलवा. जूनच्या कागदावर एकूण बिलिरुबिन 3.1 आहे आणि त्यातले डायरेक्ट 0.6. आताच्या कागदावर एकूण 9.4 आणि डायरेक्ट 6.2. यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एसजीपीटी जूनमध्ये 32 होते, आता 610 आहे. हिमोग्लोबिन मात्र तेव्हा 8.2 होते आणि आता 7.9 आहे, म्हणजे जवळपास जागच्या जागी. पेशी नेहमीपेक्षा जास्त फुटून हा पिवळेपणा आला असता, तर हिमोग्लोबिन चांगलेच घसरले असते. त्याच्या जोडीने तपासले जाणारे एसजीओटी तांबड्या पेशींतही असते, त्यामुळे ते सिकलसेलच्या मुलांत थोडे वाढलेले असणे मोठे लक्षण नव्हे. पण एसजीपीटी मुख्यतः यकृताचे असते आणि ते जवळपास वीसपट झाले आहे. बाबांना डॉक्टरांचे शब्द पटणार नाहीत कदाचित, पण हे आकडे त्यांच्याच मुलीचे आहेत.

चुन्याने कावीळ उतरवण्याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. पाणी पिवळे झालेले डोळ्यांना दिसते आणि आईच्या जिवाला तेवढाच धीर येतो. मात्र तो रंग चुन्याचा आणि त्या पाण्यात मिसळलेल्या पदार्थांचा असतो, रक्तातले बिलिरुबिन त्याने उतरत नाही. पिवळेपणा खरोखर कुठे चालला आहे हे घरच्या घरी पाहायचे असेल, तर लघवी व शौचाच्या रंगाकडे आणि खाजेकडे लक्ष ठेवा. लघवी काळ्या चहासारखी, शौचाचा रंग फिकट मातकट आणि अंगाला खाज, असे एकत्र दिसले तर ती नेहमीची सिकलसेलची कावीळ नव्हे, असे समजून चालावे. ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये थकवा असतो, सांधे दुखतात, पाळी चुकते, प्लीहा वाढते. यातले जवळजवळ प्रत्येक लक्षण सिकलसेलच्या खात्यावर टाकता येते आणि ते तसे टाकले जाते, म्हणूनच निदानाला उशीर होतो. सिकलसेलच्या प्रत्येक घरासाठी माझे सांगणे एवढेच आहे, की मूल बरे असताना वर्षातून निदान एकदा यकृताच्या तपासण्या करून तो कागद जपून ठेवा. तुमचा जूनचा रिपोर्ट नसता, तर आज तुलना कशाशी केली असती?

खड्यांचे म्हणाल, तर ते असतील यात नवल नाही. बिलिरुबिनचेच खडे सिकलसेलच्या पुष्कळ मुलांच्या पित्ताशयात बनतात. पण तुमच्या सोनोग्राफीच्या कागदावर पित्तनलिका फुगलेली नसल्याचे लिहिले आहे, म्हणजे खडा वाटेत अडकल्याची खूण नाही. खडे आहेत हे खरे, त्यांच्यामुळेच एसजीपीटी 610 झाले हे मात्र सिद्ध होत नाही. पित्तनलिका नीट पाहण्यासाठी एमआरसीपी नावाची तपासणी असते, तिच्यात सुई टोचत नाहीत. ती करून घ्यावी असे मला वाटते, कारण तिच्यात खड्याचा प्रश्न निकाली निघेल आणि या ऑटोइम्यून आजाराचा एक प्रकार जो पित्तनलिकांनाच सुजवतो आणि अरुंद करतो, तोही आहे की नाही हे कळेल. ते ठरण्याआधी, यकृत इतके सुजलेले असताना, पित्ताशयाच्या ऑपरेशनची घाई करू नका. सिकलसेलच्या रुग्णाला भूल देणे हे मुळातच जपून करायचे काम आहे.

एका आजारात दुसरा आजार कसा येईल, असेही तुमच्या घरी कुणीतरी म्हणाले आहे. येतो. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील बालयकृत विभागाने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, यकृताची तक्रार असलेल्या सिकलसेलच्या 77 मुलांपैकी 13 जणांना ऑटोइम्यून यकृतविकार निघाला आणि त्यांत मुली अधिक होत्या. ही आधीच यकृताच्या तक्रारीसाठी मोठ्या रुग्णालयात आलेली मुले होती, त्यामुळे सिकलसेलच्या सगळ्या मुलांना हे प्रमाण लावता येणार नाही. पण यकृत बिघडलेल्या एसएस मुलीच्या बाबतीत हा आजार डोक्यात ठेवूनच तपासायला हवे, एवढे त्यावरून नक्की कळते. तुमच्या डॉक्टरांनी तेच केले आहे. अ, ब, क आणि ई या चारही प्रकारच्या विषाणूंच्या तपासण्या त्यांनी आधी करून घेतल्या, हेही योग्य झाले, कारण आपल्याकडे दूषित पाण्यातून येणारी कावीळ जागोजागी आहे आणि ज्यांना रक्त चढवलेले असते त्यांच्या बाबतीत ब आणि क पाहावेच लागतात. विल्सनचा आजार म्हणजे यकृतात तांबे साचण्याचा आजार, तो या वयात असाच दिसू शकतो. त्याची तपासणी फाइलमध्ये मला दिसली नाही, ती विचारून घ्या.

मग बायोप्सी कशासाठी, रक्ताचे रिपोर्ट आहेत ना, असा तुमचा प्रश्न आहे. तुमच्या मुलीचे आयजीजी, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांचे प्रमाण, 3,400 आहे, सर्वसाधारण मर्यादा सुमारे 1,600 ची असते, आणि एएनए व एसएमए या दोन्ही प्रतिपिंडांच्या तपासण्या पॉझिटिव्ह आहेत. दुसऱ्या कुणा मुलीत एवढ्यावर डॉक्टर बरेच पुढे गेले असते. सिकलसेलमध्ये मात्र आयजीजी एरवीही वाढलेले असू शकते आणि एएनए कसलाही ऑटोइम्यून आजार नसताना पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे नुसत्या रक्तावर विसंबून वर्षानुवर्षांची औषधे सुरू करणे बरोबर नाही. यकृतात खरोखर कुठल्या पेशींनी गर्दी केली आहे, वाकड्या झालेल्या सिकल पेशींनी बारीक वाहिन्या तुंबल्या आहेत का, लोह साचले आहे का, आणि यकृत किती कडक झाले आहे, हे सूक्ष्मदर्शकाखालचा तो तुकडाच सांगतो.

तुमची भीतीही निराधार नाही, ती मी पुसून टाकणार नाही. सिकलसेलचा तीव्र क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका, चालू असताना बरगडीखालून सुई घालून बायोप्सी केलेल्या रुग्णांमध्ये जीवघेणा रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून "करायची की नाही" यापेक्षा "केव्हा आणि कशी" हे विचारा. दुखणे उठलेले नसावे, ताप नसावा. रक्त गोठण्याची तपासणी आदल्या दिवशीची असावी आणि गरज असल्यास व्हिटॅमिन के दिलेले असावे. उपाशी ठेवण्याच्या काळात सलाईन चालू असावे, कारण पाणी कमी पडले की पेशी वाकड्या होतात. आधी रक्त चढवायचे का, हे रक्तविकारतज्ज्ञाने ठरवलेले असावे. आणि मानेतल्या शिरेतून करता येईल का, हे आवर्जून विचारा. त्या पद्धतीत बारीक नळी शिरेतून यकृतापर्यंत नेऊन आतूनच तुकडा घेतात. रक्त आलेच तर ते शिरेतच परत जाते, पोटात साचत नाही. ही सोय प्रत्येक ठिकाणी नसते, पण मोठ्या शहरात मिळते, आणि तुमच्या मुलीसाठी तेवढा प्रवास मी केला असता. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच भेटा, ऐन वेळी कागदांची धावपळ नको.

आता काढ्याबद्दल. ताई, हे वाचून झाले की पहिला फोन डॉक्टरांना करा आणि गुळवेल दिली होती हे सांगा. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी 2021 साली गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताला झालेली इजा ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी दिसत होती, आणि गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते म्हणून मुळातला सुप्त आजार तिने जागा केला असावा, असे त्यांचे म्हणणे होते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, हेही मी तुमच्यापासून लपवत नाही. पण तुमच्या मुलीपुरता हा वाद मोठा नाही. जिची प्रतिकारशक्ती यकृतावर उलटल्याचा संशय आहे, तिला प्रतिकारशक्ती वाढवणारे काहीही देऊ नये. काढा आजपासून बंद. तो कधी सुरू केला, किती दिवस दिला, पावडर होती की वेल आणून उकळली, हे सगळे एका कागदावर लिहा. बायोप्सी वाचणाऱ्यालाही ही माहिती लागते. तुमच्यावर कुणी रागावलेच, तर क्षणभर ऐकून घ्या. मी स्वतः तरुणपणी अशा आयांवर रागावलो आहे, आणि त्यामुळे पुढच्या भेटीत त्यांनी मला कमी सांगितले, एवढेच त्यातून झाले.

याच ओघात आणखी दोन गोष्टी. अंग ठणकले की गावात डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन घेण्याची पद्धत आहे. यकृताचा निकाल लागेपर्यंत ते टाळा आणि दुखण्यावर काय, किती द्यायचे ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, पॅरासिटामॉलसुद्धा. आणि किशोरवयीन मुलींना आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळ्या तुमच्या अंगणवाडीतूनच जात असतील. तुमच्या मुलीला, रक्त चढवलेले असल्यामुळे, लोह कमी असल्याचे तपासणीत दिसल्याशिवाय त्या देऊ नका. तिला हवे ते फॉलिक ॲसिड.

स्टेरॉइडने सिकलसेल बिघडेल का, या प्रश्नाचे उत्तर मला सगळ्यात जपून द्यायचे आहे. स्टेरॉइड सुरू असताना, आणि विशेषतः ते भरभर कमी केल्यावर, सिकलसेलचे दुखणे उसळू शकते. खुब्याच्या हाडाचे डोके रक्त न मिळाल्याने झिजणे हा सिकलसेलचा त्रास आहे आणि स्टेरॉइडचाही. दोन्ही एकत्र आले की धोका वाढतो. दुसरीकडे, उपचार न केलेला ऑटोइम्यून हिपॅटायटिस यकृताला कडक करत सिरॉसिसकडे नेतो, आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे माहीत आहे की स्टेरॉइडने या रुग्णांचे प्राण वाचतात. दोन्ही बाजू पाहून माझे मत असे, की बायोप्सीत निदान पक्के झाले तर औषध सुरू करावे, वाट पाहू नये. पण ते सिकलसेल पाहणाऱ्या आणि यकृत पाहणाऱ्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून सुरू करावे. आपल्याकडे होते असे, की दोन ओपीडी, दोन फाइली आणि मधे धावणारी आई. तुम्ही एकच फाइल करा. तिच्या पहिल्या पानावर एसएस पॅटर्न, रक्तगट, किती वेळा रक्त चढवले आणि चालू औषधे लिहा, आणि दोन्हीकडे तीच पुढे ठेवा.

हायड्रॉक्सियुरिया आणि ॲझाथायोप्रिन ही दोन्ही औषधे पांढऱ्या पेशी कमी करू शकतात. दोन्ही बरोबर द्यायची झाली तर सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावे लागते, आणि कितीही गैरसोय झाली तरी ते चुकवायचे नाही. काही जणांच्या शरीरात ॲझाथायोप्रिन नीट मोडले जात नाही; भारतीय लोकांत यासाठी एनयूडीटी15 या जनुकाची तपासणी उपयोगी पडते, तिच्याबद्दल विचारा. सुरू केल्यावर काही आठवड्यांत केसांचे झुपके हातात येऊ लागले, तोंडात फोड आले किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्टेरॉइडआधी छातीचा एक्स-रे काढून क्षयाची शंका फेडून घ्या, आणि न्यूमोकॉकसची व ब काविळीची लस झाली आहे का ते पाहा. सिकलसेलमध्ये प्लीहा नीट काम करत नाही, त्यात ही औषधे म्हणजे संसर्गाला दार उघडेच. ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला तर रात्र काढायची नाही, रुग्णालयातच जायचे. आणि घरातल्या कुणाच्याही सांगण्यावरून स्टेरॉइड एकदम बंद करायचे नाही, चेहरा सुजला तरीही नाही. उपचार निदान दोन-तीन वर्षांचा, पुष्कळदा त्याहून लांब असतो, हे आधीच माहीत असले म्हणजे चौथ्या महिन्यात धीर सुटत नाही.

राहिली परीक्षा. बारावीचा पेपर पुरवणी परीक्षेत देता येतो, त्यामुळे तिच्यासाठी यकृताला दोन महिने झिजू देऊ नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. तिचे प्रमाणपत्र काढले नसेल तर काढा आणि परीक्षेतल्या सवलतींसाठी कॉलेजमार्फत अर्ज करा. उपचार लवकर सुरू झाला, तर ती फेब्रुवारीतच पेपर देऊ शकेल अशीही शक्यता आहे. पण तो निर्णय तिच्याशिवाय घेऊ नका.

कारण तिला न सांगण्यामागे तुम्ही धरून चाललेली गोष्ट, की कळले तर तिचे अभ्यासात लक्ष लागणार नाही, ती मला पटत नाही. तुम्हीच लिहिले आहे की ती रोज सकाळी आरशात खालची पापणी ओढून डोळे पाहते. तिचे लक्ष आताच उडालेले आहे, आणि त्या भीतीत ती एकटी आहे. शिवाय या गोळ्या रोज तिलाच घ्यायच्या आहेत. चेहरा गोल होईल, मुरमे येतील, आणि मात्रा कमी झाली की चेहरा पुन्हा उतरेल, हे तिला आधी माहीत नसेल, तर एखाद्या दिवशी ती गुपचूप गोळ्या टाकून देईल; या वयात असे पुष्कळ वेळा होते आणि त्याची किंमत यकृत मोजते. पुढच्या भेटीला तिला डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसवा, तुम्ही बाजूला बसा. पाळीबद्दल तिला एकटीने काही विचारायचे असेल, तर पाच मिनिटे बाहेर थांबा.

त्याआधी एक काम घरी करायचे आहे. या वेळची कावीळ वेगळी आहे का, असे तिने तुम्हाला विचारले होते. आज तिच्याजवळ बसून सांगा, "हो, वेगळी आहे, तेव्हा मी नाही म्हणाले कारण मला भीती वाटली," आणि मग ते दोन रिपोर्ट तिच्याही हातात द्या.